दाराबाहेर बसलेला पाळक

शांतवन पाटोळे यांच्या कबरीवर परवा दगड बसला. काळा, गुळगुळीत, वर कोरलेला क्रूस. खाली नाव, जन्म, मृत्यू, आणि त्याखाली एक ओळ: 'प्रभूच्या इच्छेने प्रभूजवळ गेले.' दगड चर्चच्या कमिटीने बसवला, त्यामुळे ओळही कमिटीचीच. 'प्रभूच्या इच्छेने' या शब्दांशी हा माणूस आयुष्यभर भांडला. आता तेच त्याच्या छातीवर ठेवले आहेत आणि ते बाजूला सारायला त्याचे हात मोकळे नाहीत.

मी ख्रिस्ती नाही. आमचं घर बौद्ध. वडील भंडाऱ्याकडून स्टील प्लांटच्या नोकरीसाठी भिलाईला आले आणि आम्ही इथलेच झालो. देवाचा विषय वडिलांनीच घरातून काढून टाकला होता, त्यामुळे तो असला काय आणि नसला काय, मला कधी त्रास झाला नाही. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि निवृत्त झालो. पाटोळ्यांबद्दल खरं तर त्यांच्या मंडळीतल्या कोणीतरी लिहायला हवं. ते कोणी लिहील असं दिसत नाही, म्हणून मी लिहितो आहे.

ते पाळक होते, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. पण पहिल्यांदा ते मला भेटले ते वाचक म्हणून. उंच, थोडे वाकलेले, उजवी भुवई अर्धीच. तरुणपणी काही वर्षं ते भट्टीवर होते, तिथल्या आचेत ती गेली आणि पुन्हा उगवली नाही, असं ते सांगत. भट्टी सोडून ते बाहेरगावी धर्मशास्त्र शिकायला गेले, आणि पाळक होऊन भिलाईला परतले. ग्रंथालयाचं सभासदत्व त्यांना मिळण्यासारखं नव्हतं. मी माझ्या नावावर पुस्तकं देऊ लागलो. पुस्तक परत करताना ते कव्हरवरून हात फिरवत आणि म्हणत, "वाचून नाई झालं, भाऊ. वाचून राहिलो."

हे त्यांचं नेहमीचंच होतं. त्यांच्या लेखी कुठलीच गोष्ट पुरी झालेली नसे. रस्त्यात कोणी "काय पाळकसाहेब, कसं आहे?" विचारलं तर उत्तर ठरलेलं: "होऊन राहिलं." सुरुवातीला मला ती आपल्या नागपुरी बोलीची लकब वाटली. मग कळलं की त्यांचा सगळा धर्म त्या दोन शब्दांत बसला होता. जग देवाने एकदा करून ठेवलं आणि काम संपलं, असं त्यांना मान्य नव्हतं. ते अजून होतं आहे, आणि देवही त्यातच आहे, हात काळे करून. इंग्रजीत याला प्रोसेस थिऑलॉजी म्हणतात आणि त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत. पाटोळे ती वाचून आले होते, पण सांगायचे ते भट्टीच्या भाषेत.

"भट्टीले हुकूम देऊन पाहा," ते म्हणायचे. "दगड टाका, कोक टाका, हवा द्या, अन् वाट पाहा. ते आयकते, पन आपल्या मनानं आयकते. देवाचंही तसंच हाय. तो बोलावते. यायचं का नाई, ते येनाऱ्यावर."

"मग तो सर्वशक्तिमान कसला?" मी विचारलं.

"नाईच हाय. कोन म्हनलं?"

"तुमचं सगळं चर्च म्हणतं."

"चर्चबी होऊन राहिलं हाय, मेश्रामभाऊ."

आणि हसायचे. हसताना ती अर्धी भुवई वर जायची, आणि समोरच्याला उगाच वाटायचं की आपलीच थट्टा चालली आहे. याचा त्यांना पुढे फार तोटा झाला.

त्यांच्या टेबलावर दल्लीच्या खाणीतला एक लाल दगड असे, लोखंडाचा. देवाने शून्यातून सृष्टी केली असं कोणी म्हणालं की तो दगड त्याच्या हातावर ठेवत. "शून्यातून झालेली एक तरी चीज दाखवा मले. बायबलाचं पयलं पान उघडा. देव बोलायच्या आधीच तिथं अंधार हाय, पानी हाय. ते पानी कोठून आलं, ते लिहिनाऱ्यानं नाई लिहिलं. मी कावून लिहू?"

प्रार्थनाही ते अशीच करत. आजाऱ्याच्या खाटेशी डोळे मिटून म्हणत, "देवा, तुले जेवढं जमते तेवढं कर. बाकीचं आमी पाहतो." पोरं खुदकन हसत. म्हातारी माणसं नाराज होत. आजाऱ्याला तर मोठ्या साहेबाकडे अर्ज पोचवणारा माणूस हवा असतो. साहेबालाच मर्यादा आहेत हे सांगणारा नको असतो. त्यांच्या बायकोने, शीलाबाईंनी, माझ्यासमोरच एकदा सुनावलं होतं: "थोडं तं वाढवून सांगत जा देवाबद्दल. लोकं तुमच्या मोऱ्हं हात जोडून बसले असते, अन् तुमी देवाचे खिसे उलटे करून दाखवता."

चर्चमध्ये हंगामाचा सण असतो. मंडळी भोपळे, तांदूळ, कोंबड्या, घरचं लोणचं असं काहीबाही वेदीपाशी आणून ठेवतात आणि उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. मला त्यांनी एका वर्षी मुद्दाम बोलावलं होतं. त्या दिवशी त्यांनी भोपळ्यांच्या रांगेत आपला लाल दगड ठेवला, आणि माणूस, दगड, पाऊस सगळे मिळून देवासोबत जग करतात, असं प्रवचन दिलं. लिलावात दगडही निघाला. कमिटीचे खजिनदार डेव्हिडसाहेब यांचं स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. त्यांनी हात वर केला. "पास्टर साहब का पत्थर मैं लूँगा. इनके भगवान से कुछ न बने तो दरवाज़ा अटकाने के काम आएगा."

आवारभर हशा झाला. सगळ्यांत मोठ्याने पाटोळेच हसले. दगड गेला तो गेलाच. घरी त्यांच्या टेबलावरचे कागद काही दिवस पंख्याने उडत राहिले.

आता विनयबद्दल सांगायला हवं.

भिलाईतल्याच रुआबांध्याला सरोजबाई नावाच्या एक विधवा बाई राहत. ब्लाउज शिवून घर चालवत. मंडळीतल्या मोजक्या मराठी घरांपैकी त्यांचं एक. विनय त्यांचा एकुलता एक मुलगा, पाटोळ्यांच्या रविवारच्या शाळेत वाढलेला. आयटीआय करून घरी बसला होता. सरोजबाई पाटोळ्यांना म्हणाल्या, पाटोळे डेव्हिडसाहेबांना म्हणाले, आणि पोरगा वर्कशॉपला लागला. पहिल्या पगाराला त्याने पाळकांसाठी चामड्याच्या चपला आणल्या. ते त्या घालून आमच्या ग्रंथालयात मुद्दाम चक्कर मारून गेले.

काही महिन्यांनी विनय त्यांना म्हणाला की जड माल उचलायच्या चेनपुलीची साखळी झिजली आहे. पाटोळे डेव्हिडसाहेबांकडे गेले. ऑफिसचं दार उघडं राहावं म्हणून त्याला तो लाल दगड लावलेला होता. दगडाला ओलांडून ते आत गेले, आणि "बदलवा देंगे, पास्टर साहब," हे ऐकून दगडाला ओलांडून बाहेर आले. पुन्हा गेले, तेव्हाही हेच ऐकून आले. मग त्यांनी पोराला एवढंच सांगितलं की सांभाळून राहा.

साखळी तुटली तेव्हा विनय खाली होता.

दफनाला मी गेलो होतो. डेव्हिडसाहेब पांढऱ्या कपड्यांत, मोठं पुष्पचक्र घेऊन आले होते. रडतही होते, आणि ते रडणं खोटं होतं असं मला वाटलं नाही. कमिटीच्या लोकांनी पाळकांना बाजूला घेऊन सांगितलं की थोडक्यात आटोपा, बाईंची तब्येत बरी नाही. थोडक्यात म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशा वेळी म्हणायचं एक वाक्य असतं आणि ते फार सोयीचं असतं. देवाची इच्छा म्हटलं की साखळीची चौकशी वर जाते, आणि वर गेलेली चौकशी परत येत नाही.

उपासना हिंदीतून झाली. कबरीपाशी आल्यावर पाटोळे मराठीत बोलू लागले, कारण ते फक्त सरोजबाईंशी बोलत होते.

"बाई, लोकं तुमाले म्हनतीन, देवानं नेलं. देवानं नाई नेलं. तुमाले जेवढा त्याचा जीव पाहिजे होता, तेवढाच देवालेही पाहिजे होता. चेन झिजली होती. मालकाले मालूम होतं. मले मालूम होतं. अन् पोराले तिथं मीच लावलं. देव त्या चेनीखाली होता, पोराच्या संग. त्याच्यानं थांबवनं नाई झालं."

ज्यांना मराठी कळत नव्हतं त्यांनाही चेन आणि मालक हे शब्द कळले. डेव्हिडसाहेबांनी पुष्पचक्र या हातातून त्या हातात घेतलं. मी सरोजबाईंकडे पाहत होतो. मला वाटलं होतं, त्या मालकाकडे वळतील. त्या पाळकाकडे वळल्या.

"थांबवनं नाई झालं?"

"नाई, बाई."

"मंग एवढे वर्सं मी कोनाले हात जोडून राहिली होती?" त्या ओरडल्या नाहीत. शिवणकामातली चूक दाखवावी तशा बोलल्या. "देवानं नेलं म्हना ना. मी भांडीन त्याच्यासंग. त्याच्या हातात नाई म्हनता, तं माझं पोरगं तुमी देऊन कोनाले राहिले? या मातीले?"

मूठमाती द्यायला पाटोळे वाकले तेव्हा बाईंनी त्यांचं मनगट धरलं. "तुमी माती नोका टाकू."

त्यांनी मूठ उघडली, माती होती तिथेच खाली पडू दिली, आणि मागे सरले. डेव्हिडसाहेबांनी मूठमाती दिली. त्यांना कोणी अडवलं नाही.

परतताना मी पाटोळ्यांना म्हणालो की तुम्ही क्रूर वागलात.  ते म्हणाले, "मले वाटलं, देव निर्दोष हाय हे आयकून तिले देवाजवळ बसता येईन. तिले देव निर्दोष नको होता, मेश्रामभाऊ. तिले मोठा पाहिजे होता."

पुढे कमिटी बसली. त्या बैठकीत साखळी हा शब्द कोणी उच्चारला नाही. आरोप धर्माचे होते: पाळक देवाला सर्वशक्तिमान मानत नाहीत, शून्यातून सृष्टी झाली हे मानत नाहीत. ही मतं ते वर्षानुवर्षं भोपळ्यांच्या रांगेत दगड ठेवून सांगत होते, तेव्हा त्यात कोणाला पाखंड दिसलं नव्हतं. साक्षीला सरोजबाईंना बोलावलं. देवाच्याने थांबवणं झालं नाही, असं पाळक कबरीपाशी म्हणाले का? त्या "हो" म्हणाल्या आणि घरी गेल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत. डेव्हिडसाहेबांना त्यांच्याकडून एवढंच हवं होतं आणि ते खरंच निघालं, याचा मला आजही राग येतो. कोणाचा, ते सांगता येत नाही.

शेवटी अध्यक्षांनी पाळकांना वाट करून दिली. "एक ही बात बता दीजिए. परमेश्वर सब कुछ कर सकता है कि नहीं? हाँ बोलिए, मामला ख़त्म."

पाटोळे म्हणाले, "प्यार कर सकता है. बाकी सब कुछ का मुझे नहीं मालूम."

मामला खतम झाला. पाळकाचं घर सोडून ते आमच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायला आले. सामान उतरवताना शीलाबाई मला म्हणाल्या, "पाहा भाऊजी, देवाले सोडवून आनलं, अन् सोता बाहेर बसले." त्या हसत नव्हत्या.

वर्कशॉपात नवी साखळी आली, असं नंतर कानावर आलं.

रविवारी ते चर्चला जातच राहिले. शेवटच्या बाकावर बसत. तिथून उठले की रुआबांध्याला सरोजबाईंच्या दारी जात. दार त्यांच्यासाठी उघडत नसे. बाहेर कपडे धुवायचा सिमेंटचा ओटा होता, त्यावर बसत. थोडा वेळ बसून परत येत. लोकांना तो तमाशा वाटू लागला. कोणी म्हणालं, माफी मागायला जातात. कोणी म्हणालं, बाईंना छळतात. मलाही ते बरं वाटत नव्हतं. एका रविवारी त्यांना समजवायचं म्हणून मीच सोबत गेलो.

आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. तो थांबला. सरोजबाई जाळीच्या दारापाशी आल्या.

"आले का? पुन्हा तेच सांगाले?"

"नाई बाई. सांगाले नाई आलो. बसाले आलो."

"बसून काय होते?"

"काई नाई होत."

"मंग?"

"देवालेबी एवढंच करता येते."

त्या जाळीआड उभ्या राहिल्या. तोंडात धाग्याचं टोक होतं, ते त्यांनी काढून बोटाला गुंडाळलं.

"मंग त्यालेही सांगा," त्या म्हणाल्या, "बाहेरच बसजो म्हना."

आणि मशीन पुन्हा सुरू झाली. मी पाटोळ्यांकडे पाहिलं. मला त्यांना उठवून न्यायचं होतं. ते मान हलवत होते, वर्गातल्या एखाद्या पोरीने आपल्याहून नेमकं उत्तर द्यावं आणि मास्तरने ते मान्य करावं तशी. पायांत विनयच्या चपला होत्या, एका चपलेचा अंगठा नव्याने शिवलेला.

परतीच्या रस्त्यावर मी त्यांना विचारलं, की जो देव बसण्यापलीकडे काही करू शकत नाही, तो असून काय उपयोग? आमच्याकडे तो नाहीच, त्यामुळे आमची अपेक्षाही नाही. तुमची फसवणूक तरी कशाला?

"उपयोग नाई," ते म्हणाले. "उपयोगाचे बाकी सगळे हायत ना. डेव्हिडसाहेब हाय, कमिटी हाय." मग म्हणाले, "इनयची हरेक गोष्ट त्याच्याजवळ जमा हाय. तो कसा हसे, तेही. ते तं नाई जात ना कुठं. एवढं जरी खरं असलं, तरी मले पुरते."

एवढं जरी खरं असलं तरी. त्या 'जरी'वर त्यांचा आवाज थोडा दबला. बाकी सगळी वर्षं मी त्यांच्याशी वाद घालत आलो होतो. त्या दिवशी घातला नाही.

त्यांचं शेवटचं आजारपण छातीचं होतं. दुर्गच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. नवे पाळक भेटायला आले, तरुण, नीटनेटके, आवाज चांगला. त्यांनी हात धरून प्रार्थना केली की हे दुखणं तुझ्याच इच्छेने आहे, प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो. पाटोळ्यांनी नाकावरची ऑक्सिजनची नळी बाजूला केली. "बेटा, उसने नहीं माँगे मेरे फेफड़े. वो क्या करेगा इनका?" तरुण पाळक हसले आणि नमस्कार करून उठले. ते गेल्यावर पाटोळे मला म्हणाले, "पोरगा चांगला हाय. होऊन राहिला हाय." मग खोकल्याने पुढचं बोलू दिलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या खाटेवर, दाराकडे तोंड करून. भेटीची वेळ संपली म्हणून मी उठलो तर म्हणाले, "रविवारी त्या बाईकडे जाऊन बसान का?" मी म्हणालो, मी कोणाच्या नावाने बसू? ते म्हणाले, "नाव कायले पाहिजे. ओटा तं हाय." मी गेलो नाही. रविवारच्या आधीच ते गेले होते.

दफन त्याच दफनभूमीत झालं, विनयच्या कबरीपासून जवळच. गर्दी बरी होती. माणूस निरुपद्रवी झाला की गर्दी होते. डेव्हिडसाहेब पांढऱ्या कपड्यांत आले होते. नव्या पाळकांनी चांगल्या आवाजात सांगितलं की आपले प्रिय बंधू शांतवन परमेश्वराच्या इच्छेने आज त्याच्याकडे गेले आहेत. सगळे आमेन म्हणाले. शीलाबाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी तिथून निघालो. मला फाटकाबाहेरची हवा हवी होती.

बाहेर भिंतीला टेकून सरोजबाई बसल्या होत्या. खाली जमिनीवर, गुडघे जवळ घेऊन.

"आत या ना," मी म्हणालो. "आता कोणी काही म्हणणार नाही."

"नाई. मी येथंच बरी हाव."

मी उभा राहिलो. आत मूठमाती सुरू झाली असावी, लोकांच्या रांगेची कुजबुज ऐकू येत होती.

"काय म्हनला नवा पाळक?" त्यांनी विचारलं.

"देवाची इच्छा होती, म्हणाले."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. रडत नव्हत्या. ऊन होतं.

"खोटं बोलून राहिला तो," त्या म्हणाल्या.

हे वाक्य ऐकायला जो माणूस ऊन-पावसात त्यांच्या ओट्यावर बसत आला, त्याच्यावर त्याच वेळी भिंतीपलीकडे माती पडत होती. ऐकायला होतो मी, ज्याला कुठलाच देव नाही. धावत जाऊन हे कोणाला तरी सांगावं असं मला वाटलं. सांगण्यासारखं आत कोणी नव्हतं.

सरोजबाई उठल्या, साडीची धूळ झटकली आणि रस्त्याला लागल्या. चार पावलांवर थांबून, मागे न वळता म्हणाल्या,

"पन देवानं नेलं म्हनला तं."